समेटाचं मटण

त्या वर्षी थंडीने घाई केली. वर कुरणातलं गवत पुरतं वाळायच्या आतच बर्फ पडलं आणि मेंढपाळ महिनाभर आधी कळप घेऊन गावात उतरले. कळप गोठ्यात गेले, पुरुष घरात आले. पुरुष घरात आले की चहा वाढतो, भांडी वाढतात आणि आमच्या गल्लीच्या शेवटच्या घरात आवाजही वाढतात. ते घर कुबातचं. त्याची बरीच कोकरं बर्फात गेली होती. तो राग त्याने डोंगरावर काढला नाही, जपून खाली आणला.

मी जूरा, गल्लीतल्या धाकट्यांची जूरा एजे, म्हणजे ताई. माझ्या आणि कुबातच्या घराची भिंत एकच आहे. त्यामुळे मला जे ठाऊक आहे ते मी कान लावून ऐकलेलं नाही. ते भिंतीतून आपणहून येतं.

शरदात कातरलेली लोकर नमद्याला सगळ्यात चांगली. त्या दिवशी माझ्या अंगणात नमदा घातला होता आणि गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या. लोकर काठ्यांनी झोडून झाली, बोरूच्या चटईवर अंथरून झाली, उकळतं पाणी ओतून, गुंडाळून, दोर बांधून अंगणभर ओढूनही झाली. मग खरं काम सुरू झालं. चटई काढून टाकायची, वाफाळत्या ओल्या लोकरीची गुंडाळी करायची आणि बायकांनी गुडघ्यांवर ओळीने बसून, बाह्या वर सारून, मनगटापासून कोपरापर्यंतच्या हातांनी ती दाबत पुढेमागे लाटायची. खांद्याला खांदा लागलेला असतो. एकीचा जोर कमी पडला तर त्या जागी नमदा विरविरीत राहतो, आणि कुणाची जागा होती हे वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसतं.

कुबातची बायको बुरुल हाताची जोरकस. तिला नेहमी मधोमध बसवायचो. त्या दिवशी ती आपणहून कडेला माझ्याशेजारी बसली आणि तिने बाह्या वर घेतल्या नाहीत.

“काय गं, नवरा आल्यावर हात मऊ झाले वाटतं?” म्हातारी कालिपा आपा म्हणाली. आमच्या गल्लीत तोंड म्हणजे तिचंच.

“झोपूच देत नसेल बिचारीला,” पलीकडून कोणीतरी म्हणालं.

सगळ्या हसल्या. बुरुलही हसली, पण अर्ध्यातच थांबली आणि तिने डावा हात बरगडीवर घट्ट धरला. मी पाहिलं, कालिपा आपानेही पाहिलं. गुंडाळी पुढे गेली, मागे आली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बुरुलने जोर लावला आणि आवाज न करता कपाळ ओल्या लोकरीवर टेकवून तशीच राहिली. श्वास आत घेता येईना, बाहेर सोडता येईना. तोंड पिठासारखं पांढरं.

गरम नमदा मध्येच थांबवायचा नसतो, थंड झाला की लोकर धरत नाही. म्हणून आम्ही थांबलो नाही. मी तिला बाजूला ओढलं आणि बाकीच्या सरकल्या, तिची जागा भरून काढली. आमच्याकडे असंच करतात, आणि त्याला आम्ही माया म्हणतो.

मी मात्र तिला उठवलं आणि जीपारकडे नेलं.

जीपार डॉक्टर नाही, पण गावाला डॉक्टर तीच. शाळेमागच्या दोन खोल्यांत ती औषधं देते, टाके घालते, बाळंतपणं करते. ती कुबातची चुलत बहीणही लागते. आमच्या गावात कोणी ना कोणी कोणाचं तरी लागतंच. आम्ही पोचलो तोवर बुरुलची सासू शाइरे मागून धावत आली, धाप लागलेली, डोक्यावरचा रुमाल घसरलेला.

“गाईने लाथ मारली गं तिला,” दारातूनच ती म्हणाली. “मी सांगितलं होतं, त्या गाईजवळ जाऊ नकोस.”

“काकी, तुमची गाय आटलीये. तिच्याखाली बसतंय कोण?” जीपार म्हणाली. “बाहेर थांबा जरा.”

“मी सासू आहे तिची.”

“म्हणूनच बाहेर थांबा.”

शाइरे बाहेर गेली. जीपारने बुरुलचा सदरा वर केला आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं. पण तेवढ्यात दिसायचं ते दिसलंच. उजव्या बाजूला काखेखालपासून कमरेपर्यंत काळंनिळं, काही जुनं पिवळं, काही कालचं. हातावर बोटं उमटलेली होती.

“बरगडी मोडलीये. एक तरी नक्की,” जीपार म्हणाली. “बुटाने?”

बुरुलने सदऱ्याची कड मुठीत धरली. मग तिने जे सांगितलं ते नवऱ्याबद्दल नव्हतं, पोरीबद्दल होतं.

“आयदानाने त्याचे बूट राखेच्या खड्ड्यात पुरले, एजे. सहा वर्षांचं पोर. मला म्हणाली, आता तुला लागणार नाही. तो सकाळपासून बूट शोधत होता. शोधता शोधता त्याने तिच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं, ते मला माहीतेय, मी ओळखते ती नजर. मग मी म्हटलं, मीच पुरले.”

“आणि मग?”

“मग काय? बूट सापडले.”

जीपारने पट्टी गुंडाळायला घेतली.

“मी पोलिसाला कळवणार आहे. मला कळवावंच लागतं. बरगडीसाठी तुला तालुक्याच्या दवाखान्यात घालते, अॅम्ब्युलन्स मागवते.”

“तिथून कुठे जाऊ?”

“तिथून…” जीपार थांबली. “तिथून ते परत इथेच पाठवतील.”

“मला साबीर बाइकेकडे जायचंय. भावाकडे. पोरीला घेऊन. खिंड बंद व्हायच्या आत.”

तालुकाही खिंडीपलीकडे, बुरुलचं माहेरही खिंडीपलीकडे. एकदा बर्फाने खिंड धरली की वसंतापर्यंत इकडे पोलीस येत नाही, अॅम्ब्युलन्स येत नाही, भाऊ येत नाही. तो हिवाळा घरात काढायचा म्हणजे काय, हे तिघींनाही सांगायला नको होतं.

जीपारने विचार केला आणि अॅम्ब्युलन्स मागवलीच नाही. तिने टेकडीवर जाऊन, जिथे फोन लागतो तिथून, आधी पोलिसाला फोन केला आणि मग साबीरला. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

“उद्या ट्रक घेऊन येतोय. दवाखाना काय, ठेवेल आणि सोडेल. भाऊ न्यायला आला की बाईला कोण अडवतो? जूरा एजे, बरोबर केलं ना मी?”

मी म्हटलं, बरोबर केलंस. मलाही तसंच वाटलं होतं. आमच्यात बाईची पाठ म्हणजे भाऊ.

पोलीस एर्मेक दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पोरगेला, गालावर वस्तऱ्याचा ओरखडा. त्याला कुबातच्या घरात वरच्या, मानाच्या जागी बसवलं, पुढे ब्रेड, साय, जर्दाळूचा मुरांबा मांडला. बुरुलने चहा ओतला. कुबात समोर मांडी घालून बसला होता, नुकतीच अंघोळ केलेला, टोपी गुडघ्यावर. दारू उतरलेला कुबात देखणा दिसतो, आणि ते त्यालाही माहीत आहे.

“बुरुल एजे, तुमची तक्रार आहे का?” एर्मेकने विचारलं. नवऱ्यासमोर, सासूसमोर, तोंडात मुरांबा असताना.

“तक्रार केली तर काय होतं?”

“ह्यांना मी मनाईचा हुकूम देतो. तुम्हाला हात लावायचा नाही म्हणून.”

“तेवढे दिवस हा झोपेल कुठे?”

एर्मेकने इकडेतिकडे पाहिलं. “घरीच. दुसरीकडे कुठे झोपणार?”

“मग हुकूम कुठे झोपेल?” मी दारातून म्हटलं. मला राहवलं नाही.

शाइरेने माझ्याकडे असं पाहिलं की भिंतीत गाडून टाकेल. एर्मेक लाल झाला. म्हणाला, आधी अक्सकाल काय म्हणतात ते बघू, वडीलधाऱ्यांच्या आधी आपण कशाला कागद रंगवायचे. आणि त्याने दुसरा चहा मागितला.

पांढऱ्या दाढीच्या तिघाचौघांची आमच्याकडे पंचायत असते, त्यांनाच अक्सकाल म्हणतात. त्यांचा म्होरक्या तुर्दुबेक अता वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. त्याने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पाण्याची, कुंपणाची, सोयरिकीची भांडणं मिटवली. त्याला मिटवायला आवडतं. भांडण उघडं राहिलं की त्याला रात्री झोप येत नाही, असं तो स्वतःच सांगतो.

ते गावच्या कचेरीत जमत होते तेवढ्यात साबीरचा ट्रक आला. रुंद खांद्यांचा, उन्हाने रापलेला माणूस. उतरल्या उतरल्या त्याने बहिणीला जवळ घेतलं, ती कळवळली आणि त्याने हात झटकन मागे घेतला. त्याने आयदानाला उचललं, ट्रकमध्ये पुढे बसवलं आणि तिच्या मांडीवर तिची उशी ठेवली. पोरीने टोपीची नाडी हनुवटीखाली स्वतःच बांधली आणि समोर रस्त्याकडे बघत बसली.

“जा, सामान घे,” साबीर बुरुलला म्हणाला. “मी ह्यांच्याशी बोलून आलोच.”

कचेरीत तो बसायला तयार नव्हता.

“मी बसायला आलो नाही. बहीण आणि भाची घेऊन निघणार. वर ढग बघा कसे आहेत.”

“बाळ, आमच्या गावात येऊन तू उभ्याने बोलणार?” तुर्दुबेक अता म्हणाला. “तुझा बाप माझ्या शेजारी बसून जेवलाय. तू माझ्यासमोर उभा राहणार?”

साबीर बसला. सामान सोडून बुरुलही मागे आली होती, मी दाराशी तिच्याजवळ उभी होते, आणि तो बसला तेव्हाच माझ्या मनात काहीतरी खचलं.

अताने आधी कुबातला झाडला. अगदी मनापासून. गाढवा म्हणाला, लांडगासुद्धा आपल्या मादीला फाडत नाही म्हणाला, तुझ्या बापाने कबरीत तोंड फिरवलं असेल म्हणाला. कुबात रडला. खरंच रडला, टोपीने डोळे पुसत. बघणाऱ्याला वाटलं असतं मार ह्यानेच खाल्लाय.

मग अताने बुरुलला विचारलं, “पोरी, तुझं काय म्हणणं?”

“मला भावाकडे जायचंय.”

“जाशील की! वसंतात जा, चांगली महिनाभर राहा. पण आज गेलीस तर ते माहेरपण नाही होत. आज गेलीस तर घर मोडतं. हा पस्तावलाय, सगळ्यांसमोर रडलाय. आणखी काय हवं माणसाला?”

“मला भावाकडे जायचंय,” ती पुन्हा म्हणाली, त्याच आवाजात.

अताने उसासा टाकला आणि निवाडा दिला. कुबातने मेंढी कापायची. दोन्ही बाजूंनी एका ताटात खायचं. मटण खाऊन, दुआ करून हात तोंडावरून फिरवले की विषय संपला. त्यानंतर जो कोणी तो उकरून काढील, मग तो ह्या बाजूचा असो की त्या, त्याच्या उंबऱ्यावर गाव पाय ठेवणार नाही आणि त्याच्या मयतालाही जाणार नाही.

“तिच्या बाजूचं माणूस इथे आहे, हे फार बरं झालं,” अता साबीरचा गुडघा थोपटत म्हणाला. “नाहीतर एका बाजूने कसला समेट?”

जीपार माझ्या मागे उभी होती. तिने माझी बाही धरली. एर्मेकने वही बंद केली आणि किती सुटल्यासारखा हसला, काय सांगू.

दंड कुबातला झाला आणि कामाला कोण लागलं? कुबातने मेंढीच्या गळ्यावरून सुरी फिरवली, तेवढं त्याचं. आतडी ओढ्यावर धुवायला बुरुल, पीठ मळायला बुरुल, चुलीत शेण्या घालायला बुरुल. मोडक्या बरगडीने ती ओणवी झाली की मी भांडं हातातून काढून घ्यायचे. ओढ्याच्या कडेला बर्फाची पापुद्री धरली होती आणि आमची बोटं जांभळी पडली.

“कुठली मेंढी कापली त्याने?” मी विचारलं.

“आयदाना झाली तेव्हा दादाने दिलेली. कळपात तीच लठ्ठ होती.”

जीपार आली, पण काम करायला तिचे हात धजेनात. “एजे, तो खाणार नाही ना? तो उठेल. तुम्ही बघा, तो उठेल.”

“आणि खाल्लं तर?”

“मी त्याला बोलावलंच नसतं तर त्यांना समेट करताच आला नसता. तिच्या बाजूने खायला कोणी नसतंच. अॅम्ब्युलन्स…” तिने वाक्य पुरं केलं नाही. बुरुल तिच्याकडे न बघता आतडं उलटं करत होती.

“तू माझ्या भल्यासाठीच केलंस गं,” बुरुल म्हणाली. “जरा पाणी ओत इथे.”

दुपारी पुरुष जेवायला बसले. मी दाराजवळ सामोवारापाशी, चहा ओतायला. मानाच्या पाहुण्यापुढे मुंडकं ठेवतात, ते साबीरपुढे ठेवलं. त्याने सुरी घेतली. मुंडक्याचा कान कापून घरातल्या लहान मुलाला द्यायचा असतो. साबीरने कान बोटांत धरला आणि थांबला. कानाच्या टोकाला दुहेरी खाच होती. प्रत्येक घराची आपली खाच असते, आणि ती त्याच्या घराची होती. त्याने ती बहुधा स्वतःच्याच हाताने मारली असेल.

सगळे थांबले. कुबातने मान खाली घातली. शाइरेचा हात रुमालावर गेला. मी सामोवाराची तोटी बंद केली. मला वाटलं, आता हा सुरी टाकेल. आता उठेल.

“घे बाळ,” तुर्दुबेक अता हळूच म्हणाला. “तुझं घर लहान, बायको आजारी, हिवाळा तोंडावर. आम्हाला दिसत नाही का? कोणी तुला नावं ठेवणार नाही.”

साबीरचा जबडा हलला. त्याने कान बाजूला ठेवला, गालाचं मांस कापलं आणि तोंडात घातलं. बराच वेळ चावत होता. बुरुल रश्शाचा वाडगा घेऊन दारात उभी होती, तिने ते पाहिलं. तिने वाडगा साबीरच्या पुढ्यात ठेवला, वाकताना तोंड वाकडं होऊ दिलं नाही आणि बाहेर गेली. मला त्या क्षणी त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाचा तिटकारा आला, रडणाऱ्याचा आणि मिटवणाऱ्याचा सारखाच.

जेवण झालं. अताने हात वर केले, सगळ्यांनी केले. घरात शांती नांदो, पोरंबाळं होवोत, ओमीन. हात तोंडावरून फिरले.

आमच्यात पाहुण्याला उरलेलं मटण बांधून देतात. साबीर हातात पिशवी घेऊन अंगणात आला. आयदाना अजून ट्रकमध्येच होती. सकाळपासून तिला खाली उतरायला कितीदा सांगितलं, पण ती उतरली नव्हती. जागा जाईल, म्हणाली. बुरुल ट्रकजवळ उभी होती, हात पिठाचे.

“बुरुल,” साबीर म्हणाला. “मी खाल्लं गं.”

“पाहिलं मी.”

“आता तुला नेता येणार नाही.”

“मला नको नेऊस,” ती म्हणाली. “हिला ने.”

तिने दार उघडलं, पोरीच्या टोपीची नाडी सोडली आणि पुन्हा नीट बांधली.

“तू नाही येत?” आयदानाने विचारलं.

“भांडी पडलीयेत बाळ. घासते आणि येते. तू पुढे हो.”

“खूप भांडी आहेत?”

“खूप नाहीत.”

तिने दार लावलं. तोवर कुबात पायऱ्या उतरून आला होता. “हे काय चाललंय? उतरव तिला.” त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

बुरुल त्याच्याशी बोललीच नाही. ती पायरीवर उभ्या असलेल्या तुर्दुबेक अताकडे वळली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अता, माझी मुलगी मामाबरोबर आजीला भेटायला चाललीये. ह्यात वाद आहे का काही?”

“वाद कसला?” अता म्हणाला. “आजीचा हक्कच आहे.”

“मग ह्यांना विचारा, हे का वाद काढतायत. आत्ताच तर हात तोंडावरून फिरवले.”

अक्सकालांनी कुबातकडे पाहिलं. एर्मेकने पाहिलं. बायका दारातून बाहेर आल्या, नमदा लाटायला बसतात तशा एकीला एक लागून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही पाहिलं. कालिपा आपा मोठ्याने म्हणाली, “काय रे कुबात, मटण पोटात उतरलं पण नाही अजून.”

कुबातने हात काढला. बोटं एकेक करून सुटली. तो हसला, गावासाठी.

“जाऊ दे की. आजीला भेटू दे.”

साबीर वर चढला. बहिणीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही. ट्रक वळला, पोरगी काचेला नाक लावून मागे बघत राहिली आणि मग वळणाआड गेली. अताने कुबातच्या पाठीवर थाप मारली. “शहाणी आहे रे तुझी बायको. जप तिला.”

“जपतो ना, अता,” कुबात म्हणाला आणि बुरुलकडे पाहिलं. ती नजर अंगणातल्या प्रत्येक बाईला कळली. पुरुषांनाही कळली असणार, कारण एकेकाने आपापली पिशवी उचलली आणि थंडी वाढली म्हणत घरची वाट धरली. एर्मेकही निघाला, त्यालाही खिंड ओलांडायची होती.

जीपार बुरुलच्या जवळ गेली. वर डोंगराचं टोक ढगात पुरतं बुडालं होतं.

“खिंड कधी बंद होईल गं?” बुरुलने विचारलं.

“उद्या सकाळी. फार तर परवा.”

“ट्रक कधी उतरेल पलीकडे?”

“अंधार पडायच्या आत.”

“मग पोचेल ती,” बुरुल म्हणाली आणि भांडी घासायला आत गेली.